थोरल्या आबांचा नववा अध्याय

देव माणसाला निवडतो की माणूस देवाला, हा वाद आमच्या घरात चुलीपुढं चालायचा. नगरची आजी भाकरी थापत असायची, जालन्याची आजी पाटावर बसून लसूण सोलत असायची आणि आईचे एक मावसभाऊ, आम्ही त्यांना मुंबईचे काका म्हणायचो, ते उंबऱ्यावर बसून मधेच एखादं वचन टाकायचे. काका मेथडिस्ट मंडळीतले. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रभूनं दार सगळ्यांना उघडं ठेवलंय, आत पाऊल टाकायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. त्यावर जालन्याची आजी हातातला लसूण खाली न ठेवता म्हणायची, "पण पाऊल उचलायचं बळ कुणी दिलं, बापा?" काका गप्प व्हायचे. मग नगरची आजी भाकरी उलथत म्हणायची, "आपुन काय केलं व्हतं? कायबी न्हाई." तिचं सगळं देवशास्त्र त्या एका वाक्यात होतं. ते वाक्य कुठून आलं, ते मला सांगायचं आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. ख्रिस्ती धर्मात एक जुनी शिकवण आहे. माणूस स्वतःच्या पुण्याईवर तरत नाही. तारण ही देवाची कृपा आहे, आणि ती कुणावर करायची हे देवानं जग उत्पन्न करायच्या आधीच, माणसाची लायकी न बघता, केवळ आपल्या मर्जीनं ठरवलेलं आहे. पौलानं रोमकरांस आणि इफिसकरांस जी पत्रं लिहिली, त्यांत याची मुळं आहेत. पुढं उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचे बिशप ऑगस्टीन यांनी ती खोलवर नेली. ऑगस्टीन 354 सालचे. नगरच्या आजीला त्यांच्या ग्रंथांचं नाव सांगता आलं नसतं, पण त्यांची आई मोनिका तिला शेजारणीसारखी ओळखीची होती. पोरगं वाया गेलं म्हणून वर्षानुवर्षं रडणारी आई, आणि शेवटी मिलान शहरातल्या एका बागेत त्या पोराचं मन एकाएकी वळलं ती गोष्ट. "मोनिकेनं लई प्रार्थना केली," आजी सांगायची, "पन पोराला धरलं प्रभूनं." पेलाजियस नावाच्या साधूनं तेव्हा असं शिकवलं होतं की माणसानं मनावर घेतलं तर तो आपल्या बळावर चांगला वागू शकतो. ऑगस्टीन अखेरपर्यंत त्याविरुद्ध लिहीत राहिले. मुंबईचे काका पेलाजियसच्या बाजूचे मुळीच नव्हते, पण जालन्याची आजी रागावली की त्यांना त्याच्याच पंगतीला बसवायची.

जालन्याच्या आजीचं माहेर स्कॉटिश मिशनचं. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. आजीचे आजोबा तिथं राहायला गेलेल्यांपैकी, असं ती सांगायची. स्कॉटिश मंडळींचा पाठांतरावर फार भर. वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेनं 1647 मध्ये तयार केलेली लहान प्रश्नोत्तरावली तिला लहानपणी मुखोद्गत होती. एकशे सात प्रश्न! म्हातारपणी त्यातले कितीतरी गळून गेले, पण विसावा प्रश्न गेला नाही. देवानं सगळ्या माणसांना त्यांच्या पापात नि दुर्दशेत मरू दिलं काय, असा तो प्रश्न, आणि त्याच्या उत्तरात निवडीची सगळी गोष्ट येते. पीठ चाळताना ती तो म्हणायची. चाळणीच्या तालावर ते जुनं मिशनी मराठी ऐकताना मला त्यातलं फारसं कळत नसे, पण या बाईला कसलीच भीती वाटत नाही एवढं कळायचं.

नगरकडचं आमचं घर अमेरिकन मिशनचं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, ती अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात. नगरला हे मिशन 1831 मध्ये आलं. ही मंडळी न्यू इंग्लंडची, प्युरिटन वळणाची, जॉन कॅल्विनच्या शिकवणीत वाढलेली. म्हणजे जिनिव्हात सोळाव्या शतकात जे लिहिलं गेलं ते बोस्टनमार्गे प्रवरेच्या काठी आलं, आणि बैलगाडीतून नेवाशाच्या खेड्यापाड्यांत गेलं. लोक विचारायचे, अजूनही विचारतात, की देवानं सगळं आधीच ठरवलंय तर हे सांगत कशाला हिंडायचं? थोरल्या आबांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं, उत्तर नगरच्या आजीनं मला सांगितलं होतं. कोण निवडलेलं आहे ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नाही, म्हणून सगळ्यांनाच सांगायचं. गॉर्डन हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या एका खेड्यात पटकीनं गेले, तेही असंच सांगत हिंडताना. आपण सांगितल्यानंच माणसं तरणार असं त्यांना वाटत असतं, तर तेरा वर्षांत हाती लागलेल्या त्या मूठभर ऐकणाऱ्यांकडं बघून ते केव्हाच परत गेले असते.

थोरले आबा मला आठवतात ते अगदी म्हातारे, ओट्यावर घोंगडीवर बसलेले, डोक्याला पांढरा फेटा, मांडीवर कापडात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र. त्यांची गोष्ट मी थोडी त्यांच्या तोंडून ऐकली आणि बरीचशी आजीच्या. दोघांच्या सांगण्यात फरक आहे, आणि आजीच्याही सांगण्यात दर खेपेला काही बदलायचं.

छपन्नाचा दुष्काळ. इंग्रजी हिशेबानं 1899–1900. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी एक दुष्काळ होऊन गेलेला, मधल्या काळात प्लेग, आणि मग हा. नगर जिल्ह्यात विहिरी आटल्या, गुरं गेली. माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असावेत, जन्माची नोंद कुठं होती म्हणा! त्यांच्याहून दोनेक वर्षांनी थोरला एक भाऊ. घर महारवाड्यातलं, त्यामुळं चांगल्या सालीही पोट पहिल्यांदा उपाशी राहायचं ते आमचंच. आधी घरातलं धान्य संपलं, मग हुलग्याचं माडगं, मग ते पातळ होत होत नुसतं पाणी, मग झाडपाला आणि गवताचं बी. आईबाप दोघंही दुष्काळी कामाच्या तळावर पटकीनं गेले. आजी म्हणायची दोन दिवसांच्या अंतरानं. आबा म्हणायचे एकाच रात्री.

मग मिशनची गाडी आली. त्या साली मिशननं नगर, राहुरी, वडाळा, सोलापूर अशा ठिकाणी अनाथ पोरं आणून ठेवली, हजारोंनी. गाडी तळाच्या कडेला थांबली आणि कुणीतरी आबांच्या दंडाला धरून त्यांना वर घेतलं. साहेब होता की मिशनचा कुणी मराठी मास्तर होता, त्यांना आठवत नव्हतं. हात मात्र आठवत होता. आणि भाऊ? इथं गोष्ट फुटते. एका सांगण्यात भाऊ पाणी आणायला गेला होता. दुसऱ्या सांगण्यात मामा येऊन त्याला आधीच घेऊन गेला होता. तिसरं सांगणं आजीनं मला मी मोठी झाल्यावर, एकदाच, हळू आवाजात सांगितलं. भाऊ तिथंच होता आणि गाडीत जागा नव्हती. यातलं खरं कोणतं हे मला ठरवता येत नाही, आणि आजीलाही ठरवता आलं नाही.

राहुरीच्या अनाथाश्रमात आबा वाढले. पहिल्या दिवशी पितळीत भाकरी आणि डाळीचं कोरड्यास मिळालं ते त्यांनी खाल्लं नाही, सदऱ्याच्या आत लपवून ठेवलं. पुढं लिहायला शिकले, सुतारकाम शिकले, मग उपदेशक झाले आणि नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात शाळा-मंडळी दोन्ही सांभाळू लागले. नेवासे म्हणजे जिथं 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेच. त्या गावाची माती पुण्यवान आहे असं आबा मोकळ्या मनानं म्हणायचे.

त्यांची एक सवय होती, पुढं तीच आजीची झाली. रोज भाकरी करताना एक जास्तीची करायची. तिला घरात 'भावाची भाकर' म्हणायचे. ती टोपल्यात फडक्याखाली राहायची आणि दारात जो कोणी येईल त्याला जायची. कधी वासुदेव, कधी पोतराज, कधी बैल बाजारात हरवलेला एखादा शेतकरी. जात-धर्म विचारायचा नाही. कुणी आलं नाही तर रात्री आबा स्वतः ती कुस्करून दुधात खायचे, पण आधी बराच वेळ वाट बघायचे.

आता 'आपुन काय केलं व्हतं?' हे वाक्य कुठून आलं ते ध्यानात येईल. खडीच्या ढिगाऱ्याशी बसलेल्या पोरांमध्ये आबांनी असं काय पुण्य केलं होतं की हात त्यांच्याच दंडाला लागावा? ते हुशार आहेत, भाविक आहेत, पुढं उपदेशक होतील, हे कुणी बघितलं होतं? काहीच नाही. पौल, ऑगस्टीन, कॅल्विन यांनी जे ग्रंथांत मांडलं ते आबांच्या अंगावर घडून गेलं होतं. म्हणून कृपेची शिकवण त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. पण तिच्या आत जो काटा आहे, मग उरलेल्यांचं काय, तोही त्यांच्या अंगात तेव्हापासूनच होता.

याची आणखी एक बाजू आहे, आणि पुस्तकी चर्चेत ती क्वचित येते. आमच्या लोकांना गावात शतकानुशतकं काय सांगितलं गेलं? तुम्ही या जन्मी असे आहात कारण मागच्या जन्मी पाप केलंत. म्हणजे सगळं ठरलेलं, आणि ठरलेलं ते तुमच्याच करणीनं. त्या माणसाला कुणी येऊन सांगतं की देवानं तुला निवडलं तेव्हा तुझी कोणतीच करणी त्याच्यापुढं नव्हती, बरी नाही की वाईट नाही. रिबेकेच्या पोटातली जुळी अजून जन्मलीसुद्धा नव्हती तेव्हाच देवानं धाकट्याला पसंत केलं, असं पौल सांगतो. युरोपातल्या पंडितांना हे वाचून घाम फुटला, न्याय कुठं राहिला म्हणून त्यांनी डोकं धरलं. आमच्या आबांच्या पिढीला हेच वाचून मान वर करता आली. मागचा हिशेबच नको असलेला देव त्यांना भेटला. सगळ्यांनी असा विचार करून बाप्तिस्मा घेतला असं मी म्हणणार नाही. भूक होती, शाळा हवी होती, दवाखाना हवा होता. पण टिकून राहिले त्यांच्या मनात हे होतं, असं मला आजीकडं बघून नेहमी वाटत आलं.

पंडिता रमाबाईंचं नाव जालन्याची आजी डोक्यावरचा पदर सावरून घ्यायची. रमाबाई स्वतः दुष्काळानं पोरक्या झालेल्या. आईबाप, बहीण डोळ्यांदेखत गेले, आणि तोवर केवढे उपास, केवढ्या यात्रा झाल्या होत्या! इंग्लंडातल्या वाँटेज इथं 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला, हे त्यांच्या ध्यानात आलं ते आठेक वर्षांनी, आणि तसं त्यांनी आपल्या साक्षीत लिहूनही ठेवलं. म्हणजे एवढी विदुषी, संस्कृत कोळून प्यालेली, तिलाही शेवटी रिकाम्या हातांनीच जावं लागलं. पुढं दुष्काळात त्या मध्य प्रांतातून, गुजरातेतून मुलींना गोळा करून केडगावला आणू लागल्या. आजीची एक आत्या त्यांतली होती असं ती सांगे. आत्या केडगावच्या त्या मुक्ती मिशनमध्येच राहिली, तिथंच गेली.

नगरच्या आजीचा ओढा टिळकांकडं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. आबांनी त्यांचं कीर्तन ऐकलेलं, आणि त्यांची गायनं तर आमच्या उपासनेत अजून म्हणतात. आजीची लाडकी गोष्ट आगगाडीची. 1893 साल, टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यात एक गोरा साहेब भेटला, बोलणं निघालं, आणि उतरताना त्यानं टिळकांच्या हाती नवा करार ठेवून सांगितलं की दोन वर्षांच्या आत तू ख्रिस्ती होशील. टिळकांना तेव्हा ते काही पटलं नाही. पण 1895 च्या फेब्रुवारीत, दोन वर्षं भरायच्या आत, त्यांनी मुंबईत एका हिंदी पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्या साहेबाचं नाव कुणाला कळलं नाही, असं आजी सांगायची. ती इथं थांबायची आणि आमच्याकडं बघायची. "आता सांगा, कुनी कुनाला शोधलं?"

मुंबईचे काका लगेच म्हणायचे, "पण वाचलं कुणी? टिळकांनीच ना?" आणि मग टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा विषय निघायचा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून वर्षानुवर्षं दूर राहिल्या, सोवळं-ओवळं सोडवेना, आणि शेवटी माणसामाणसांतला भेद देवानं केलेला नाही हे त्यांचं त्यांनाच उमगलं. 1900 साली, त्याच दुष्काळात, राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. काका म्हणत, बघा, ही बाई स्वतः विचार करून आली. आजी म्हणे, इचार कुनी दिला? हा वाद मिटला नाही. हॉलंडमधल्या डॉर्ट गावी 1618–19 मध्ये केवढी धर्मसभा भरवून तो मिटवायचा प्रयत्न झाला होता. नंतर वेस्ली आणि व्हाइटफील्ड हे जिवाभावाचे मित्रसुद्धा यावरून वेगळे झाले. आमच्याकडं तो जेवायची पानं घेतली की थांबायचा. नाताळात तर अजिबात नाही, कारण करंज्या लाटायला दोन्ही आज्या आणि तळायला काकाच लागायचे.

मागे गेलेल्यांचं काय, हा प्रश्न मात्र जेवणानं थांबणारा नव्हता. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या प्रत्येक घरात तो विचारला गेला असणार. माझी आई, माझा बाप, ज्यांच्या कानावर प्रभूचं नावही पडलं नाही, ते कुठं असतील? आबांनी तो एका साहेबाला विचारला होता, आणि साहेब बराच वेळ बोलला नाही, एवढंच आजीला ठाऊक होतं. कोणता साहेब, ते तिला आठवत नसे. मी पुढं वाचू लागले तेव्हा एक गोष्ट सापडली. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे 1847 मध्ये मुंबईतच जन्मलेले मिशनरी. 1874 पासून त्यांची हयात नगरला गेली, उपदेशकांची सेमिनरी त्यांनीच काढली, आणि 1900 च्या दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. हे ह्यूमसाहेब 1886 मध्ये रजेवर अमेरिकेत गेले असताना अँडोव्हरला बोलले. ज्यांना हयातीत ख्रिस्ताविषयी ऐकायलाच मिळालं नाही त्यांना मरणानंतर तरी ती संधी मिळेल, अशी आशा धरायला जागा असावी, असा त्यांचा सूर होता. त्यावरून त्यांच्या मिशनच्या मुख्य मंडळात केवढा गदारोळ झाला! अशा माणसाला नगरला परत पाठवायचं की नाही, यावर खल चालला. शेवटी ते परत आले. अमेरिकेत हा पंडितांचा वाद होता. पण मला खात्रीनं वाटतं की ह्यूमसाहेबांच्या मनात तो नगरच्या एखाद्या ओट्यावर, मेलेल्या आईविषयी विचारणाऱ्या कुणा माणसासमोर बसूनच आला असणार. आबांचा साहेब तोच होता असं म्हणायला माझ्याकडं काही पुरावा नाही. आबा मोठे होत होते तेव्हा ते नगरातच होते, एवढं खरं.

गावात आबांचे एक स्नेही होते, आम्ही त्यांना माळकरी बाबा म्हणायचो. वारी न चुकवणारे. सुरुवातीला ते ओट्याखाली बसत आणि आमच्याकडचा चहा घेत नसत. पुढं ओट्यावर आले, चहाही घेऊ लागले, आणि शेवटी शेवटी तर 'भावाची भाकर' हक्कानं मागून खात. दोघांचा आवडता अध्याय नववाच निघाला, हा एक योग. माळकरी बाबांचा ज्ञानेश्वरीचा नववा, आबांचा रोमकरांस पत्राचा नववा. बाबा म्हणत, आमच्या नवव्यात देव सांगतो की मला सगळे सारखे, कुणी नावडता नाही, आणि तुमच्या नवव्यात एक भाऊ आवडता नि दुसरा नावडता, हे कसं? आबांना हे लागायचं. भाऊ या शब्दापाशीच लागायचं.

पण माळकरी बाबांनीच एकदा त्यांना दिलासा दिला म्हणतात. दक्षिणेतल्या वैष्णवांत एक जुना वाद आहे. माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, मांजरच त्याला तोंडात धरून नेते. भक्तानं कुणासारखं असावं? बाबा आबांना म्हणाले, तुम्ही मांजरीचं पिल्लू आहात. आणि मांजर पिल्लं एकेकच नेते, मागं राहिलेल्यासाठी ती पुन्हा येते. आबा त्यावर काही बोलले नाहीत, पण त्यांनी हे आजीला सांगितलं, आणि आजीनं मला. शास्त्राला धरून हे कितपत बसतं ते पाळकांनी ठरवावं. जालन्याच्या आजीला ते मुळीच पसंत नव्हतं.

आबांच्या शेवटच्या काही वर्षांत शेवगावकडून एक तरुण मास्तर घरी आला. मी लहान होते, त्याची सायकल आणि सायकलला बांधलेली निळ्या कापडाची पिशवी मला आठवते. त्यांच्या घरात एक गोष्ट चालत आलेली होती. आजोबांचा धाकटा भाऊ छपन्नाच्या दुष्काळात मिशनच्या गाडीनं नेला, तो पुन्हा दिसला नाही. आजोबा कधीच वारले होते. घरानं 1956 नंतर बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला होता, आणि मास्तर जिल्हाभर हिंडून जुनी नाती शोधत होता. गाव जुळलं, आडनाव जुळलं. आईचं नाव जुळलं नाही. आबांनी त्यावर अडून बसायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. त्यांनी त्याला जवळ बसवून चेहऱ्यावरून हात फिरवला.

आणि मग मास्तरानं जे सांगितलं ते घरातल्या सगळ्यांनी पुढं पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांच्याकडं हरवलेला भाऊ म्हणजे आबा! त्यांची आजी दर सणाला त्या नेलेल्या पोराच्या नावानं घास काढायची, बिचारं कुणाच्या हाती पडलं असेल म्हणून. आम्ही साठ-सत्तर वर्षं एका भावासाठी भाकरी ठेवत होतो, आणि पलीकडं ते आमच्यासाठी घास काढत होते. दोन्ही घरं स्वतःला वाचलेली समजत होती आणि दुसऱ्यासाठी रडत होती. त्या मास्तराला देवाची निवड वगैरे काही मान्य नव्हतं. माणसानं आपला दिवा आपण व्हावं, असं तो शांतपणे म्हणाला. आबांनी वाद घातला नाही. आजीला म्हणाले, आज भाकर त्याच्या ताटात वाढ.

त्यानंतर घरच्या प्रार्थनेत आबा नववा अध्याय वाचताना एक करू लागले. आधी ते याकोब-एसावाच्या भागापासून वाचायचे, कारण उपदेश तिथून सुरू होतो. आता ते पहिल्या ओवीपासून वाचू लागले. तिथं पौलानं निवडीचं अवाक्षरही काढलेलं नाही. तिथं तो आपल्या भाऊबंदांसाठी रडतो आहे. त्यांच्यासाठी मीच ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल, अशा अर्थाचं बोलून जातो. निवड, कुंभार आणि माती, देवाची मर्जी, हे सगळं त्या रडण्यानंतर येतं. आणि तो विषय तो अकराव्या अध्यायाच्या शेवटी सोडतो तेव्हा देवाला सर्वांवरच दया करायची आहे असं म्हणून, आणि देवाचे मार्ग आपल्याला पुरते कळत नाहीत असं कबूल करून सोडतो. कॅल्विननंही आपल्या मोठ्या ग्रंथाच्या 1559 च्या शेवटच्या आवृत्तीत निवडीचं प्रकरण आरंभी घातलं नाही. विश्वास, कृपा, प्रार्थना हे सगळं सांगून झाल्यावर, तिसऱ्या भागाच्या अखेरीस घातलं, आणि फाजील चौकशी करू नका म्हणून ताकीद दिली. आबांनी कॅल्विन वाचला नव्हता. ते भावामुळं त्याच जागी आले होते.

या शिकवणीच्या नावानं पुढं पुष्कळांनी आपण आत आणि बाकीचे बाहेर असा हिशेब मांडला. आमच्या मंडळीतही असे लोक होते, आहेत. मी तो हिशेब मानत नाही. खडीच्या ढिगाऱ्यावरून उचलल्या गेलेल्या माणसाला तो कधी मांडता आला नाही, आणि त्याच्याएवढा कृपेवर विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. तेव्हा तुमच्यापुढं कुणी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडला, तर त्याला पहिल्या ओवीपासून वाचायला सांगा, आणि तिसऱ्या ओवीपाशी थोडं थांबायला सांगा.